आधी ओळख, मग उडी!

दोस्तांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावागावांत पाहुणे मुलं दिसू लागतात. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी अकोल्याहून, तर कुणी छत्रपती संभाजीनगरहून मामाच्या गावाला आलेलं असतं. पहिले दोन दिवस आंबे, पत्ते आणि गच्चीवरच्या गप्पा. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणू लागलं की कुणीतरी हळूच विषय काढतं, "चला ना, पोहायला जाऊ!"

शहरातल्या भावाने तिथल्या टाकीत पोहण्याचा क्लास केलेला असतो. गावातल्या भावाने मळ्यातल्या विहिरीत पाच-सहा उन्हाळे काढलेले असतात. दोघांनाही वाटतं, आपल्याला सगळं येतं. पण पाणी काही दोघांसारखं नसतं. ते रोज वेगळं असतं, जागेजागी वेगळं असतं. म्हणून आज आपण आपल्याच जिल्ह्यातल्या पाण्याची नीट ओळख करून घेऊया. कुठे उतरायचं, कुठे फक्त पाहायचं आणि कुठून चार हात लांब राहायचं, ते समजून घेऊया.

टाकीतलं पाणी आणि रानातलं पाणी

पोहण्याच्या टाकीचा तळ दिसतो. कुठे तीन फूट, कुठे पाच फूट, ते काठावर लिहिलेलं असतं. शिट्टी घेतलेला माणूस उभा असतो. दमलात तर दांडी धरायला मिळते.

नदीच्या डोहावर खोलीचा आकडा लिहिलेला नसतो. तळाशी गाळ आहे, दगड आहे की झाडाचं खोड अडकलंय, हे वरून कळत नाही. शिवाय डोह बदलतो. दर पावसाळ्यात पूर येतो, तळ खरवडून नेतो, नाहीतर नवीन गाळ आणून टाकतो. ज्या नद्यांतून रेतीचा उपसा होतो तिथे पात्रात मोठाले खड्डे पडतात. चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला दोन माणूस खोल! गेल्या वर्षी जिथे उभं राहता येत होतं, तिथे यंदाही येईल असं समजू नका.

आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट झाली आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी लागणारी माती आणि मुरूम इथल्या तलावांतून आणि नाल्यांतून काढण्यात आला. तलाव खोल झाले, त्यांत पाणी जास्त साठू लागलं. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून या कामाचं देशभर नाव झालं. शेतीसाठी ही फार चांगली गोष्ट आहे. पण पोहणाऱ्याने त्यातून एक धडा घ्यायला हवा. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी तळ्यात कमरेएवढं पाणी होतं." आजोबा खोटं बोलत नाहीत. पण ते तळं आता तेच राहिलेलं नाही!

एका जिल्ह्यात दोन पूर्णा

आपल्याकडे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन शब्द रोजच्या बोलण्यात असतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग. पाण्याची वाटणीसुद्धा हीच रांग करते.

घाटाखालची पूर्णा सातपुड्यात उगम पावते, पश्चिमेकडे वाहते आणि तापीला मिळते. म्हणजे तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या घाटावरून खाली उतरून तिलाच मिळतात. घाटावर मात्र दुसरीच पूर्णा आहे. तिला आपण खडकपूर्णा म्हणतो. ती गोदावरीची उपनदी, म्हणून तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. बुलढाण्याजवळ उगम पावणारी आणि मेहकरवरून जाणारी पैनगंगासुद्धा शेवटी गोदावरीच्याच कुटुंबातली. एकाच जिल्ह्यातल्या दोन पूर्णा दोन वेगळ्या समुद्रांकडे निघाल्या आहेत. आहे की नाही गंमत?

हा भूगोल पोहणाऱ्याच्याही कामाचा आहे. नदीत आलेलं पाणी नेहमी आपल्या गावावर पडलेल्या पावसाचं नसतं. घाटाखाली आभाळ कोरडं असलं तरी वर सातपुड्यात किंवा अजिंठ्याच्या रांगेत पाऊस कोसळत असतो. थोड्या वेळाने तेच पाणी गढूळ होऊन, काड्याकचरा घेऊन खाली येतं. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने केवढा हाहाकार झाला होता, ते तिकडच्या मुलांना चांगलं आठवत असेल. म्हणून पाण्याचा रंग एकदम मातकट झाला, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा वरच्या बाजूने घुं-घुं आवाज ऐकू आला, की कपडे गोळा करत बसायचं नाही. सरळ काठावर, तेही उंच काठावर!

धरणाच्या खालच्या पात्राचंही तसंच. नळगंगा असो, पेनटाकळी असो की खडकपूर्णा, दरवाजे उघडले की कोरड्या पात्रात बघता बघता पाणी वाढतं. आणि धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांजवळ, कालव्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ एवढी असते की पट्टीचा पोहणाराही तिथे काही करू शकत नाही.

पाहायचं, पण उतरायचं नाही

काही पाणी फक्त डोळ्यांनी प्यायचं असतं. त्यातलं पहिलं म्हणजे आपलं लोणार. आकाशातून आलेली उल्का काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं. त्याच्या तळाशी हे सरोवर आहे. त्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. शाळेत आपण सामू शिकतो ना? शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास. साबणाच्या पाण्याचा सामूही साधारण असाच असतो. साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं की काय होतं, ते सांगायला नको! 'आईन-ए-अकबरी'मध्येही इथल्या काच आणि साबण बनवण्याच्या क्षारांचा उल्लेख आहे.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारांत जगणाऱ्या अतिसूक्ष्म जिवांची संख्या वाढली, त्यामुळे हा रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. त्याच वर्षी लोणारला 'रामसर' पाणथळ जागेचा मान मिळाला. इथे सूक्ष्म जिवांचं एक जगावेगळं गाव आहे. त्या गावात आपण पाय घालायचा नाही. विवराच्या कडेला गोमुखातून वाहणारी गोड्या पाण्याची धार मात्र जरूर बघा. खाली खारं सरोवर आणि वर गोड झरा!

दुसरी जागा सिंदखेड राजाची. जिजाऊंच्या या गावात मोती तलाव, चांदणी तलाव आणि सुंदर मूर्तींची पुतळा बारव आहे. बारवेला पायऱ्या का असतात, विचार केलाय? पाणी वर असो की खाली, माणसाला चालत पाण्यापर्यंत जाता यावं आणि चालतच वर यावं म्हणून. जुन्या लोकांनी पाण्याला जिना बांधला होता! तो आपला ठेवा आहे. तिथे सूर मारून दगड झिजवायचे नाहीत.

तिसरी जागा संग्रामपूरकडची, वान नदीवरचा वारी हनुमानचा परिसर. डोंगर, देऊळ, खळाळतं पाणी, फार देखणी जागा. पण तिथले डोह खोल आहेत आणि आत कपारी आहेत. तिथे बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याने पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. दर्शन घ्या, डबा खा, पाय ओले करायचे तर मोठ्यांचा हात धरून करा. डोहाकडे जाऊ नका.

विहीर आणि शेततळं

आपल्याकडची बहुतेक मुलं पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर तेलाचा रिकामा डबा, नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब बांधायची, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. चार दिवस डबा, पाचव्या दिवशी डबा अर्धा भरलेला, आठव्या दिवशी नुसता दोर. असं शिकणारा पोरगा पक्का तयार होतो. यात खरी गोष्ट कोणती? भोपळा नाही आणि डबाही नाही. दोर धरून उभा असलेला काका ही खरी गोष्ट! म्हणून तर एकटं पोरगं विहिरीवर दिसलं की आपल्याकडचा म्हातारा माणूस लांबूनच ओरडतो, "काहून रे पोट्ट्या, एकटाच आला का इहिरीवर?"

विहिरीत उतरण्याआधी तीन गोष्टी बघा. वर यायला पायऱ्या आहेत का? सिमेंटच्या रिंगा टाकलेल्या विहिरीला पायऱ्या नसतात. उडी मारणं सोपं, वर येणं अवघड. दुसरं, मोटार बंद आहे का? वायर कुठे सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो. तिसरं, विहीर वापरातली आहे का? पडक्या, झाकलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी होतो. एक जण खाली जातो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा जातो, मग तिसरा. अशी घरंच्या घरं गेली आहेत. अशा विहिरीत कुणीही, कशासाठीही उतरायचं नाही.

आणखी एक. मे महिन्यात विहिरीचं वरचं पाणी उन्हाने कोमट होतं, पण दोन-तीन हात खाली ते थंडगार असतं. तापलेल्या अंगाने धाडकन उडी मारली की थंडीने आपोआप मोठा श्वास घेतला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर? म्हणून आधी हात-पाय, तोंड, छाती ओली करायची आणि मग सावकाश उतरायचं.

आता शेततळ्याबद्दल. महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शिवारात शेततळी वाढली. पिकाला पाणी मिळालं. पण ज्या तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो ते तळं पोहणाऱ्यासाठी सापळाच. उतार तिरपा, कागदावर शेवाळ. पाय ठेवला की घसरतो, हाताने धरायला काही नाही. पोहता येणारा माणूससुद्धा काठाशी येऊन दमतो आणि बुडतो. तिथे पोहायला जायचंच नाही. पण एक काम तुम्ही नक्की करू शकता. तुमच्या शेतात असं तळं असेल तर बाबांना सांगा, "बाबा, चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवू ना आणि भोवती कुंपण करू." दोराच्या चार तुकड्यांना फार पैसे लागत नाहीत.

डोळे फसवतात, करून बघा!

एका वाटीच्या तळाशी रुपयाचं नाणं ठेवा. वाटीच्या काठामुळे नाणं दिसेनासं होईल इतकं मागे सरका. आता मित्राला वाटीत सावकाश पाणी ओतायला सांगा. काय झालं? नाणं पुन्हा दिसू लागलं! नाणं हललं नाही, प्रकाशाचा किरण पाण्यातून हवेत येताना वाकला. यालाच आपण अपवर्तन म्हणतो.

याचाच अर्थ, सरळ खाली पाहिलं तर स्वच्छ पाणी असतं त्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने उथळ दिसतं. आठ फूट खोल पाणी सहा फूट वाटतं. तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. "तळ तर दिसतोय, मग कशाला भ्यायचं?" असं कुणी म्हणालं की त्याला हे नाणं दाखवा.

दुसरा प्रयोग डब्याचा. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन झाकण घट्ट लावून बादलीत दाबून बघा. किती जोर लागतो! आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तो कॅन पूर्ण बुडाला तर पाच लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे त्याला सुमारे पाच किलो वजनाएवढा वर ढकलणारा जोर मिळतो. पाण्यात आपलं अंग जवळजवळ तरंगतंच. फक्त डोकं वर ठेवायला थोडी मदत हवी असते. आपल्या डोक्याचं वजनही चार-पाच किलोच्या घरात. म्हणजे स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा कॅन माणसाचा जीव वाचवू शकतो! विहिरीजवळ आणि शेततळ्याजवळ असा एक कॅन दोर बांधून टांगून ठेवला तर?

मुलींनी का शिकू नये?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. "पोहायला कुणाकुणाला येतं?" असं वर्गात विचारलं की मुलांचे भराभर हात वर होतात. मुलींचा एखादाच, तोही अर्धवट. मला याचं नवल वाटतं आणि वाईटही वाटतं. नदीवर धुणं धुवायला कोण जातं? विहिरीवर पाणी शेंदायला कोण वाकतं? आई, ताई आणि मुलीच. पाण्याच्या सगळ्यांत जवळ असतात त्यांनाच पोहायला शिकवायचं नाही, हा कुठला न्याय?

कोलकात्याच्या आरती साहा लहानपणी काकांबरोबर नदीच्या घाटावर जात. तिथेच त्या पोहायला शिकल्या. २९ सप्टेंबर १९५९ रोजी त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. १६ तास २० मिनिटं त्या थंड पाण्यात होत्या. हा पराक्रम करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. आणि आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर? १९६५ च्या युद्धात ते गोळ्या लागून जबर जखमी झाले. नंतर ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पोहायला मुलगा लागत नाही की धडधाकट शरीर लागत नाही. शिकवणारं माणूस आणि शिकायची हौस लागते.

शिकण्याने जीव खरंच वाचतात का? आपल्या शेजारी बांगलादेशात, जिथे घरोघरी डबकी आणि तळी आहेत, गावच्या तळ्यातच बांबूचा मजबूत चौथरा आणि कुंपण करून ४ ते १२ वर्षांच्या मुलामुलींना शिकवायला सुरुवात झाली. २५ मीटर पोहायचं, ३० सेकंद तरंगायचं आणि बुडणाऱ्याला काठावरूनच मदत करायची, एवढंच शिकवलं. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहून अधिक कमी आढळलं. महागडी टाकी नाही, निळी फरशी नाही, गावचंच तळं! हे आपल्याकडे होऊ शकणार नाही का?

गरज तर आपल्यालाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. आपल्या देशात २०२२ साली ३८ हजारांहून जास्त. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे.

कुणी बुडताना दिसलं तर

सिनेमात बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" ओरडतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा ओरडूच शकत नाही. तोंड पाण्याखाली-वर होतं, हात पाण्यावर दाबल्यासारखे हलतात आणि मिनिटभरात सगळं शांत. म्हणून पाण्यात गेलेला मित्र एकदम गप्प झाला तर लगेच हाक मारा. उत्तर आलं नाही तर समजा, तो संकटात आहे.

अशा वेळी तुम्ही पाण्यात उडी मारायची नाही. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही जातात. मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा. दोर, कॅन, ट्यूब, जे मिळेल ते फेका. काठी, फांदी, ओढणी, साडी पुढे करा, पण स्वतः काठावर पालथं झोपून, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं चुकीचं आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर त्याला हवा हवी असते. उताणं झोपवून, ज्याला येतं त्याने तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा. आठवी ते दहावीच्या मुलांनो, तुमच्या शाळेत आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासणीला आले की ही कृती दाखवायला आवर्जून सांगा.

मग पोहायचं कुठे?

पायऱ्या असलेल्या, वापरातल्या, ओळखीच्या विहिरीत. पात्र ओळखीचं असेल तर हिवाळ्या-उन्हाळ्यात नदीच्या संथ, उथळ उतारावर. शहरात टाकी असेल तर टाकीत. आणि तिन्ही ठिकाणी काठावर एक मोठं, पोहता येणारं माणूस हवं, जे मोबाइलमध्ये नाही तर तुमच्याकडे बघतंय. पावसाळ्यात नाही, अंधारात नाही, पैजेखातर नाही. अनोळखी पाण्यात पहिली उडी डोक्यावर कधीच मारायची नाही.

आता येत्या रविवारी एक करा. आपल्या गावातल्या पाण्याच्या जागा वहीत लिहून काढा. विहीर, तळं, डोह, शेततळं, बंधारा. कुठे पायऱ्या आहेत, कुठे कुंपण नाही, कुठे दोर हवा, तेही लिहा. ती यादी गुरुजींना किंवा बाईंना दाखवा आणि मग सगळे मिळून ग्रामपंचायतीत नेऊन द्या. सरपंचांना सांगा, "आम्हाला पोहायला शिकायचंय, मुलींनासुद्धा!" बघा तर, काय उत्तर येतं ते!